पोलंडची निवडणूक, मुक्काम निडी

निडीचा मोरू मरवडे आयुष्यात एकही निवडणूक हरलेला नाही, आणि त्याचं कारण अगदी सोपं आहे. तो कधी उभाच राहिला नाही. उभे राहतात ते दुसरे. मोरू उभं करतो, नाहीतर पाडतो. ग्रामपंचायतीच्या पाच, सोसायटीच्या तीन, आणि खांब या मेहुण्याच्या गावची एक निवडणूक तर त्याने बारशाचं जेवण जेवता जेवता फिरवली असं लोक सांगतात. मोरू ते खोडून काढत नाही. "बारसं नव्हतं, साखरपुडा होता," एवढीच दुरुस्ती करतो.

त्याचे नियम दोन. पहिला, मत कधी तोंडाने मागायचं नाही. लोकांच्या ओटीवर जायचं, चहा प्यायचा, म्हशीची चौकशी करायची, पोराच्या नोकरीची करायची, आणि उठायचं. "मागणाऱ्याला नाय म्हणता येतं," मोरू म्हणे. "ज्यानं मागितलंच नाय त्याला नाय कसा म्हणशील?" दुसरा नियम जरा खोडसाळ. ज्याला पाडायचं असेल त्याच्या विरोधात जायचं नाही, त्याच्याच प्रचाराला जायचं. त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, नको त्या थापा मारायला लावायच्या, आणि मग खालून अलगद बाजूला व्हायचं. गावातला शिवा मढवी सरपंच होता होता राहिला तो मोरूच्या विरोधामुळे नव्हे, मदतीमुळे. बिचारा अजून मोरूचे आभार मानतो.

असा हा माणूस. त्याची एकुलती एक लेक सुरभी दीड वर्षापूर्वी पोलंडला शिकायला गेली, अन्नप्रक्रियेचं काहीतरी. तिचा फोन दर रविवारी दुपारी यायचा. पौषातल्या एका रविवारी आला तेव्हा मोरू पडवीत वालाच्या शेंगा निवडत बसला होता आणि त्याची बायको कृष्णाबाई फोनवर पोरीला खोकल्याचं औषध सांगत होती. मध्येच कृष्णाबाईनं फोन कानापासून दूर केला.

"अवो, ही म्हणते निवडणुकीला उभी राहतेय."

मांडीवरचं शेंगांचं सूप कुठे गेलं कुणास ठाऊक. मोरूने फोन जवळजवळ हिसकावलाच.

"कसली गो निवडणूक? तिकडं पण पंचायत हाय?"

सुरभीनं नीट समजावून सांगितलं. पोलंडमध्ये भारतातली हजारो मुलं शिकतात. ज्या ज्या शहरात ती आहेत त्या त्या शहरात त्यांचं एक मंडळ आहे. अशी चौदा मंडळं, आणि सगळ्यांच्या वर एक महासंघ. कुणाचा पासपोर्ट हरवला, कुणाला घरमालकानं थंडीत बाहेर काढलं, कुणाचा व्हिसा अडकला, की वकिलातीत आणि सरकारदरबारी जाऊन भांडायचं काम महासंघाचं. त्याच्या अध्यक्षपदाची ही निवडणूक. प्रत्येक मंडळाला एक मत.

"म्हंजे मतं किती?"

"चौदा."

"चौदा?" मोरूला हसू आवरेना. "अगो, आपल्या आळीत एका चुलीवर चौदा मतं शिजतात! समोर कोण हाय?"

"हितेश म्हणून एक मुलगा आहे, सुरतचा. चांगला आहे तसा."

"चांगला हाय? मग सोपा हाय. कवा हाय मतदान?"

"पुढच्या महिन्यात, शेवटच्या रविवारी." मग सुरभी थोडी घुटमळली. "अण्णा, अध्यक्ष इथं शिकत असायला लागतो. माझी डिग्री जूनमध्ये संपते. निवडून आले तर मी पीएचडी घेईन म्हणते, सर विचारतायत केव्हापासून. चार वर्षं. नाही आले निवडून तर काय, जूनमध्ये घरी."

मोरू "बरं बरं" म्हणाला आणि फोन कृष्णाबाईच्या हातात देऊन पडवीत परत आला. चार वर्षं! दीडच वर्षात त्याला घर खायला उठत होतं. संध्याकाळी शेतावरून आल्यावर आपण पायऱ्यांवर जोरात पाय का आपटतो, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पाय आपटले की आतून "अण्णा, चिखल!" अशी आरोळी यायची. आता यायची नाही. तरी तो आपटायचाच.

फोन ठेवून कृष्णाबाई बाहेर आली आणि म्हणाली, "मग सांगा की तिला. ये म्हणावं घरी."

"मी सांगू?"

"बाप तुम्हीच ना तिचे?"

"सांगून येत्यात व्हय पोरी? मागितलं की नाय म्हणायची सोय होते." मोरूने मिशीवरून हात फिरवला. त्याचा हात मिशीवर गेला की गावात कुणाची तरी खुर्ची हलायची. "तिला पाडायची. पडली की जूनमध्ये घरी. तिचीच निवडणूक, तिचाच निकाल. माझ्यावर बोल नाय."

"शोभतं का तुम्हाला हे? पोटच्या पोरीला?"

"पोटची हाय म्हणून तर स्वतः लक्ष घालतोय," मोरू म्हणाला. "दुसऱ्याचं काम असतं तर शिवाला पाठवला असता."

लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःहून सुरभीला फोन लावला. दुपारी लावला. संध्याकाळी लावला. पोरीला वाटलं असेल बाप हौसेने मदत करतोय, आणि मदत तर तो करतच होता, आपल्या नेहमीच्या पद्धतीने. पहिला सल्ला त्याने दिला तो फ्लेक्सचा.

"हे बघ, बॅनर पायजे. तुझा फोटो मोठा. हात जोडून. वरती 'भावी अध्यक्षा'. आन् खाली शुभेच्छुक."

"अण्णा, इथं असं कुणी करत नाही."

"म्हणूनच तर करायचं!"

शिकलेल्या पोरांना असल्या गोष्टींची शिसारी येते, हे मोरूला पक्कं ठाऊक होतं. तो रोह्याला गेला. तिथे रितेशचं फ्लेक्सचं दुकान आहे, पंचक्रोशीतल्या सगळ्या वाढदिवसांचं आणि श्रद्धांजल्यांचं माहेरघर. मोरू म्हणाला, "रितेश, आजपर्यंत तू केला नसशील असा भडक करायचा. बघणाऱ्याला लाज वाटली पायजे."

रितेशला त्याचा जरा रागच आला. "काका, मी भडक कधी केलाय? मी जसं शोभतं तसं करतो." आणि त्याने जसं शोभतं तसं केलं. मागे सिंह, पुढे सुरभी, डोक्यामागे सूर्य, कोपऱ्यात पोलंडचा झेंडा आणि कुंडलिका नदी. खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. शिवा मढवी, गॉगल लावलेला आदेश, मोटरसायकलवरचा मिथुन, आणि अडीच वर्षांची पूजा, जिच्या नावाखाली 'युवा नेतृत्व' लिहिलं होतं. मोरूने ते बघितलं आणि त्याला स्वतःलाच घाम फुटला. काम फत्ते, असं त्याला वाटलं. चित्र फोनवर पोलंडला गेलं.

तिसऱ्या दिवशी सुरभीचा फोन. हसता हसता तिला बोलता येईना. "अण्णा, अहो सगळ्या मंडळांच्या ग्रुपवर फिरतंय ते! बिहारची मुलं म्हणतात आमच्याकडं डिट्टो असंच असतं. केरळची एक मुलगी तर बघून रडली, तिला तिच्या गावचा नाका आठवला. आणि प्रत्येकजण विचारतोय, शुभेच्छुकांत आमचा फोटो टाकाल का? रितेशदादाला सांगा, अजून चाळीस फोटो पाठवते!"

मोरूला ठसका लागला. गेल्या तीस वर्षांत फ्लेक्सने मत आणलेलं त्याने पाहिलं नव्हतं. आता परदेशात जाऊन त्याने एकदम तीन-चार मंडळं आणली होती. पण एका डावाने हटेल तो मोरू कसला. त्याने सुरभीकडून चौदा प्रतिनिधींची नावं आणि गावं मागून घेतली, "संपर्क ठेवायला." त्यात एका नावापाशी त्याचं बोट थांबलं. साईराज, मुक्काम पेण. आजूबाजूच्या तीन शहरांची मंडळं याच्या शब्दाबाहेर नाहीत, असं सुरभीच म्हणाली होती. वडील नाहीत, आई बायजाबाई गणपतीच्या कारखान्यात कामाला. म्हणजे चार मतं, आणि ती निडीपासून तीन स्टेशनांवर. मोरू सकाळच्या पॅसेंजरने पेणला निघाला.

मूर्तींचा सीझन अजून लांब असला तरी परदेशी जाणारे गणपती आधी करावे लागतात, ते बोटीने जातात. कारखान्यात शे-दीडशे गणपती रांगेने बसले होते, रंगलेले, दागिने घातलेले, पण सगळे आंधळे. डोळे आखायचं काम बायजाबाईचं. मिठागरावरच्या घरातली ही बाई, लहानपणी टोपल्यांनी मीठ वाहिलेलं, पण हात असा की तिने आखलेल्या डोळ्यांसमोरून माणूस बाजूला झाला तरी गणपती बघतच राहतो. मोरू आत गेला आणि त्याने सवयीने सुरुवात केली.

"राम राम ताई, मी निडीचा—"

बायजाबाईनं ब्रश न हलवता डाव्या हाताचा पंजा दाखवला. शेजारचा कामगार हळूच म्हणाला, "डोळा चालू हाय. बोलायचं नाय." मोरू गप्प बसला. उजवा डोळा झाला, तो तोंड उघडणार एवढ्यात तिने डावा घेतला. डावा झाला, तर पुढच्या गणपतीचा उजवा. ज्याचं सगळं बळ जिभेत, त्या माणसाला अर्धा तास मुका बसवलं म्हणजे काय हाल होतात, ते त्यालाच विचारा. चौथ्या गणपतीनंतर बायजाबाईनं ब्रश पाण्यात ठेवला तेव्हा मोरूला पहिलं काय बोलायचं तेच आठवेना.

"बोला भाऊ. कशाला आलाव?"

आता इथे सरळ सांगायचं होतं की बाई, माझ्या पोरीला मत देऊ नको असं तुझ्या पोराला सांग. पण नियम म्हणजे नियम. मोरूने दूरची वाट धरली. "काय नाय, सहज. तुमचा साईराज पोलंडला हाय ना? आमची सुरभी पण तिकडंच हाय."

"हाय तर."

"पोरगा कसा हाय स्वभावानं? ऐकतो ना तुमचं?"

बायजाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. पदराला हात पुसले. "माझ्या शब्दाबाहेर नाय जायचा."

"वा वा. दारूबिरू? संगत?"

"सुपारीचं खांड नाय तोंडात." मग तिने मागच्या खोलीतल्या पोरीला हाक मारली, "दिपिका, गो पापड तळ! पोह्याचे! पाव्हणे आलेत."

तळलेले पापड आले, चहा आला, बसायला खुर्ची आली. मोरूला वाटलं, बाई खूश आहे, आता हळूच मुद्द्याला हात घालावा. "सुरभीचं आपलं वेगळं हाय," तो सुस्कारा टाकून म्हणाला. "हट्टी. कुणाचं ऐकायचं नाय. समोरच्याला तोंडावर खरं बोलते. आपलीच पोर, पण खोटं कशाला सांगू? हिच्या हातात कारभार द्यावा अशी नाय ती. तुम्ही साईराजच्या कानावर घातलंत तर बरं."

बायजाबाईचे डोळे पाणावले. "भाऊ, इतकी वर्षं झाली, मुलीची खोड स्वतःच्या तोंडानं सांगणारा बाप मी नाय बघितला. जो येतो तो गुणच सांगतो. तुम्ही माणूस खरे." आणि तिने विचारलं, "पत्रिका आणलीत का?"

मोरूच्या घशात पापडाचा तुकडा उभाच राहिला.

नाही म्हणावं, तर मग आलो कशाला ते सांगावं लागणार. व्हय म्हणावं, तर पोरीचं लग्न ठरणार. राजकारणातल्या मोठमोठ्या पेचांतून सुटलेला हा गडी, "बघू, मुहूर्त बघू," असं काहीतरी पुटपुटत उठला आणि चहा अर्धा टाकून स्टेशनवर आला. बायजाबाईनं मागून अर्धा डझन पापडांची पाकिटं पोचवली. रात्री तिने पोराला फोन केला असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरभीचा फोन वाजला.

"अण्णा, तुम्ही पेणला गेलात?"

मोरूने पापडांची पाकिटं उगाच फडताळात सरकवली.

"साईराजच्या आईनं त्याला सांगितलंय, सुरभीला मत दे आणि तिघांना द्यायला लाव, घरची होणार आहे ती. तो बिचारा घाबरलाय, त्याचं आणि इथल्या ऋतुजाचं केव्हाच ठरलंय, आईला ठाऊक नाही!" ती हसली, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "अण्णा, खरंच गेलात? माझ्यासाठी? पॅसेंजर पकडून?"

"गेलो होतो," मोरू म्हणाला. आणि त्याच्या काळजात चर्र झालं. शिवा मढवीने आभार मानले तेव्हा कधी झालं नव्हतं.

"मग आणखी एक करा. मतदानाच्या आधी प्रत्येक उमेदवाराची ओळख करून द्यायची असते, त्याला ओळखणाऱ्या कुणीतरी. हितेशचे प्रोफेसर बोलणार आहेत. माझ्यासाठी तुम्ही बोला. मराठीतच बोला, साईराज इंग्रजीत सांगेल सगळ्यांना."

कृष्णाबाई शेजारीच होती. फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, "मिळाली बघा संधी. आता घाला एकदाचा घाव." आणि ती आत गेली, आणि दिवसभर भांडी जरा जास्तच जोरात वाजली.

घावच घालायचा असं मोरूने ठरवलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याने भाषण मनात रचलं. स्तुती करायची, एवढी करायची की ऐकणाऱ्याला उबग यावा. गावात अतिस्तुतीने चार उमेदवार त्याने आडवे केले होते. फ्लेक्सचं चुकलं, पेणचं चुकलं, पण गोडाने पाडायची ही रीत कुठे चुकत नाही. फक्त रात्री झोप लागेना तेवढं एक.

रविवार आला. निडीत नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून नवरा-बायको रोह्याला रितेशच्या दुकानात गेले. दुपारचे अडीच, तिकडे सकाळचे दहा. रितेशने मोठ्या स्क्रीनवर सगळं जोडून दिलं. चौकोनात चौकोन, आणि प्रत्येकात एकेक पोर. कुणी शालीत गुंडाळलेलं, कुणाच्या मागे देवाचा फोटो, कुणाच्या मागे बर्फ. वरच्या कोपऱ्यात सुरभी. वाळली होती. मोरूला तेच आधी दिसलं.

हितेशचे प्रोफेसर छान बोलले. मग मोरूचं नाव पुकारलं. कृष्णाबाईनं त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

"नमस्कार. मी मोरेश्वर मरवडे, सुरभीचा बाप. मी भात लावतो, वाल लावतो, आन् निवडणुका लावतो."

साईराजने इंग्रजी केलं. पोरं हसली.

"माझी मुलगी फार हुशार. इतकी हुशार मुलगी आमच्या जिल्ह्यात झाली नाय. राज्यात झाली नाय. ती अध्यक्ष झाली की तुमचे व्हिसे आपोआप येतील. ती बोलली की पोलंडचं सरकार..." आणि इथे त्याची नजर त्या वरच्या चौकोनाकडे गेली. सुरभी त्याच्याकडे बघत होती. हसत नव्हती, रागावली नव्हती. फक्त बघत होती, जणू पुढचं वाक्य तिला पाठ होतं.

मोरूने रचलेलं वाक्य अर्ध्यात सोडलं. तीस वर्षांत प्रथम.

"थांब साईराज," तो म्हणाला. "हे खोटं हाय. म्हंजे हुशार हाय ती. पण मी जे सांगतोय ते खोटं हाय."

"काका, हे पण इंग्रजीत सांगू?"

"सगळं सांग. मी हिला पाडायला आलोय. महिना झाला मी हिला पाडायला फिरतोय. तो फ्लेक्स तुम्हाला लाज वाटावी म्हणून केला. तुझ्या आईकडं आलो तो लग्नाला नाय, तू हिला मत देऊ नये म्हणून. तू निवांत कर ऋतुजाशी लग्न." साईराजने हेही इंग्रजी केलं, आणि मध्ये त्याचा स्वतःचाच श्वास मोकळा झाला. "ही चौदा वर्षांची होती तवा मी आमच्या शिवाला पंचायतीत पाडत होतो. त्याच्या ओटीवर बसून, त्याचाच चहा पिऊन. ही एकटी त्याच्याकडं गेली आन् म्हणाली, शिवाकाका, माझे अण्णा तुम्हाला पाडतायत, त्यांचं ऐकू नका. त्या येड्यानं हिचं ऐकलं नाय, माझं ऐकलं. अशी हाय ही. बापाच्या विरोधात जाऊन दुसऱ्याला खरं सांगणारी. तुमच्या वकिलातीत जाऊन भांडायला अशीच पायजे, मला कळतंय. माझ्याएवढं कुणाला कळणार?"

त्याचा आवाज फाटला. कृष्णाबाई पुढे सरकली, तशी त्याने हाताने थांबवली.

"पण मला ती घरी पायजे. आजपर्यंत मी कुणाकडं तोंडानं मत मागितलं नाय. आज मागतो. चौदाच्या चौदा मतं त्या हितेशला द्या, आन् माझी पोरगी मला द्या. एवढंच बोलायचं होतं."

साईराजने शेवटचं वाक्य इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्याचाही आवाज धड नव्हता. स्क्रीनवरचे दोन-तीन चौकोन पटापट काळे झाले, कॅमेरे बंद केले पोरांनी. रितेश पाठमोरा होऊन उगाच प्रिंटर पुसायला लागला.

मतदान दहा मिनिटांत झालं. सुरभीला तेरा, हितेशला एक. हितेशच्या स्वतःच्या मंडळानेसुद्धा त्याला सोडलं. मग हितेशला मत दिलं कुणी? साईराजनेच सांगितलं. "काका, तुम्ही पहिल्यांदा मत मागितलंत. म्हटलं, मोकळ्या हातानं कशाला पाठवायचं? आईला मात्र सांगू नका."

मोरू खुर्चीत बसला. हरलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते त्याने आयुष्यभर बाहेरून बघितलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. सुरभी.

"अभिनंदन गो," मोरू म्हणाला. "तू जिंकलीस. मी पडलो."

"अण्णा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फ्लेक्स म्हणालात तेव्हाच. पेणला कशाला गेलात तेही कळलं होतं."

"कळलं होतं? मग ऐकत का राहिलीस? फोन उचलत का राहिलीस?"

सुरभीनं उलट त्यालाच विचारलं. "अण्णा, मी उभी का राहिले माहिताय? दीड वर्षात तुम्ही माझ्याशी किती बोललात सांगा. 'बरी हायस? बरं. आईला देतो.' संपलं. आणि शिवाकाका उभा राहिला तेव्हा तुम्ही तीन महिने त्याच्या ओटीवरून हलला नव्हतात. मला वाटलं, आपणपण एकदा उभं राहून बघावं." मग ती रडत होती की हसत होती ते कळेना. "दिवसातून तीन तीन फोन आले. पाडायला का होईना, येत होते ना."

मोरूने फोन कानाशी घट्ट धरला. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, वाढदिवसाचा फ्लेक्स सांगत होतं, आणि त्याच्यासमोर हा दांडगा माणूस घळाघळा रडत होता. त्याने ते लपवलंही नाही.

"मला एकदा 'ये' म्हणाला असतात, तर मी उभीच राहिले नसते," सुरभी म्हणाली.

"आता म्हणतो की. ये."

"आता कसं! तेरा मतं आहेत माझ्यामागं." ती नाक ओढत हसली. "जूनमध्ये येते, दोन महिने. मग परत जायचं. चालेल?"

"नाय चालत," मोरू म्हणाला. "पण ये."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेतावरून आल्यावर मोरू पडवीत फोन हातात घेऊन बराच वेळ बसून राहिला. निवडणूक संपली होती. आता लावायचा तर कशासाठी, आणि बोलायचं तर काय? कृष्णाबाई उंबऱ्यातून बघत होती, पण सल्ला द्यायचा नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं. शेवटी त्याने लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बोला अण्णा. आता कुणाला पाडायचंय?"

"कुणाला नाय."

"मग काय काम?"

मोरूने घसा साफ केला. "काम काय नाय गो," तो म्हणाला. "तू बोल. मी ऐकतो."

आणि सुरभी बोलायला लागली, बर्फाचं, खोलीतल्या मैत्रिणीचं, वकिलातीतल्या पहिल्या भांडणाचं. अर्धा तास झाला. कृष्णाबाईनं फोनसाठी दोनदा हात पुढे केला. मोरूने दोन्ही वेळा पाठ फिरवली.